ओढ्यापलीकडचा उंदीर

चंदनाला पाळण्यात ठेवायला मी वाकले, आधाराला दोरी धरली आणि दोरी हातातच आली. चार पदरांची जाड सुती दोरी. तीन पदर कुरतडलेले होते, चौथा माझ्या ओढीनं तुटला. पाळणा एका अंगाला कलंडला. चंदना अजून माझ्या खांद्यावर होती, आठ महिन्यांची, झोपेत ओठ चोखत. जरा आधी ठेवली असती तर डोक्यावर फरशीवर आली असती.

मी अशी ओरडले की शेजारच्या आक्काताई मगदूम तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावत आल्या. माझे यजमान, शीतल, दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आले. त्यांनी दोरीचं टोक उजेडाला धरून पाहिलं.

"उंदरानं खाल्लीया," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. आज गिरणीतून येताना विष घेऊन या."

विष हा शब्द मी मोठ्यानं बोलले, आणि सोप्यात जपाची माळ ओढत बसलेल्या सासऱ्यांपर्यंत तो गेला. आप्पा उठून चौकटीत आले. उंचेपुरे, पांढरं स्वच्छ धोतर, वय चौऱ्याहत्तर. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. आवाज कधी चढवायचे नाहीत आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

"सन्मती, या घरात विषानं जीव गेला तर मी हितलं पाणीसुदिक घेणार न्हाई. बस्तीत जाऊन ऱ्हाईन," ते म्हणाले. बस्ती म्हणजे आमच्या गल्लीतलं जैन मंदिर.

"आणि माझ्या पोरीचा जीव गेला असता तर?"

आप्पांनी चंदनाकडं पाहिलं. "तिला काय हुणार न्हाई. उंदीर मी धरतो. लांब सोडून येतो. आजवर तसंच करत आलोय."

मीही जैनाच्याच घरची. सांगलीत आमच्याकडेही सूर्य मावळायच्या आत जेवणं आटपत आणि पाणी गाळूनच घेत. पण उंदरासाठी सुनेला माहेरी पाठवायची वेळ आमच्याकडं कुणावर आली नव्हती. मी तसंच बोलले. दुसऱ्या दिवसापासून पर्युषण लागत होतं. पर्वाचे दहा दिवस मी विषाचं नाव काढणार नाही, म्हटलं. तोवर घरात उंदीर दिसायचा बंद झाला तर ठीक. नाही तर क्षमावणीला सगळ्यांची क्षमा मागून झाली की दुसऱ्या दिवशी एक तर घरात विष येईल, नाही तर मी चंदनाला घेऊन सांगलीला जाईन, ती कायमची.

शीतल साबण पुसत म्हणाले, "बघू की."

'बघू की' हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं.

मग मी कंबर कसली. ज्वारीचं पोतं रिकामं करून सगळी ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरली. शेंगदाणे, गूळ, खोबरं, अगदी देवाच्या वातीसुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यांत गेल्या. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी ठोकली. भिंतीच्या कडेकडेनं पीठ भुरभुरलं आणि सकाळी पावलं कुठून कुठं गेली ते पाहिलं. पाच बिळं सापडली. मी सिमेंट कालवलं आणि त्यात घालायला बाटल्यांच्या काचा फोडायला घेतल्या, तर आप्पा हजर.

"काच नको. तोंड फाटंल बिचाऱ्याचं."

"बरं. नुसती तारेची जाळी आणि सिमेंट."

"आन् आत पिल्लं असली तर? जित्ती चिणायची व्हय?"

"मग काय करू मी, आप्पा? त्यांना विचारून येऊ?"

ते शांतपणे खाली बसले. गुडघ्यावर हात रेटत, भिंत धरत बसले. ते मी पाहिलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही, कारण मी रागात होते. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा केला आणि बिळात हलकेच बसवला. "आत कोण असंल तर बोळा भाईर ढकलंल. तीन दिस हलला न्हाई, तर बीळ रिकामं. मग खुशाल बुजव."

पद्धत चांगली होती, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. त्या दिवशी मात्र वाटलं, हा माणूस उंदरांचा वकील आहे. परसातल्या शेवग्याची फांदी कौलांना टेकली होती, तिच्यावरून उंदीर वर जात. ती छाटायला गेले तर पर्वात हिरवी फांदी तोडायची नाही. शेवटी दोरीनं ओढून कुंपणाला बांधून ठेवली. दिवसभर चंदना माझ्या पाठीशी लुगड्यानं बांधलेली. तिला खाली ठेवायची माझी छातीच होत नव्हती. पाठ मोडून आली होती.

पर्वाच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी लावलेल्या पिंजऱ्यात पहिला उंदीर आला. चांगला गलेलठ्ठ, तेल लावलेलं खोबरं खाऊन कोपऱ्यात बसलेला. आप्पा अभिषेकाला बस्तीत गेले होते. उंदराची शेपटी तारांतून बाहेर लोंबत होती. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी लग्नातली नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्या शेपटीच्या टोकाला लालभडक रंग लावला. हळदीकुंकवाला आलेल्या बाईसारखा तो नटला.

आप्पा आले, पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि तो घेऊन निघाले. मळा आमच्या घरापासून मैलभरावर, ओढ्यापलीकडं. तासाभरानं परतले ते रिकामा पिंजरा घेऊन.

"वढ्यापलीकडं सोडला. मळ्यावरनंच आलो. खोडवा खांद्याला लागलाय, बरा हाय."

ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांना जो पुन्हा फुटतो तो खोडवा, एवढं मला लग्नानंतर कळलं होतं. यापलीकडं मला शेतातलं काही कळत नसे. मळा सदाशिव नावाचा वाटेकरी कसायचा, शीतल सूतगिरणीत जायचे आणि आप्पा रोज सकाळी मळ्यावर चक्कर मारून येऊन पिकाची बातमी द्यायचे. जेवताना शीतल ती ऐकून मान डोलवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मी पिंजरा पाहिला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत उंदीर होता. शेपटीचं टोक लाल.

"आप्पा! हा तुम्ही परवा सोडलेला उंदीर आहे."

"दुसरा असंल."

"लाल शेपटीचा दुसरा? मी रंगवली होती."

आप्पांनी वाकून शेपटी पाहिली. मग म्हणाले, "वाट काढली आसंल. हुशार जात हाय."

"ओढा ओलांडून? एवढं पाणी असताना?"

"पव्हतोय की उंदीर."

ते फडकं टाकून निघून गेले, तासाभरानं आले, ओढ्यापलीकडं सोडला म्हणाले आणि खोडव्याला पाऊस मानवलाय असंही सांगितलं. मी भाकरी थापत होते. एवढ्या जोरानं थापली की ती परातीला चिकटून बसली.

पाचव्या दिवशी पुन्हा तोच लाल शेपटीचा पाहुणा. या वेळी मी काही बोलले नाही. आप्पा पिंजरा घेऊन बाहेर पडले, तसं मी चंदनाला आक्काताईंच्या मांडीवर टाकलं आणि त्यांच्या मागं निघाले. पर्वाच्या दहा दिवसांत रोज धर्माचं एकेक लक्षण असतं. त्या दिवशी उत्तम सत्याचा दिवस होता. बस्तीच्या कर्ण्यावरून पंडितांचं प्रवचन सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

आप्पा गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथं पिठाची बंद पडलेली चक्की होती आणि तिला दगडी पायरी. आमच्या घरापासून फार तर साठ पावलं. तेवढ्यात ते दोनदा थांबले होते. पायरीपाशी आल्यावर त्यांनी पिंजरा ठेवला, दोन्ही हातांनी भिंत धरली आणि हळूहळू खाली बसले. मी कोपऱ्यावरच्या घराआड उभी होते.

सदाशिव सायकलवरून मळ्याकडं चालला होता. उतरला. "आप्पा, मळ्याकडं न्हवं?"

"व्हय, निघालोच."

"हळू या. चिखल हाय लई," म्हणून सदाशिव घाईनं निघून गेला. त्यानं पिंजऱ्याकडं पाहिलं नाही, आणि आप्पा असे का बसलेत हेही विचारलं नाही. मला ते विचित्र वाटलं.

अर्धा तास आप्पा तिथं बसले. माळ ओढली. मग पिंजरा उचलून पायरीच्या कडेच्या गटारावर धरला आणि दार वर केलं. उंदीर बाहेर आला, गटाराच्या कडेनं सरळ आमच्या घराच्या दिशेनं पळाला. लाल टोक दोनदा चमकलं.

मी पुढं झाले. तेव्हा जे बोलले ते आठवलं की आजही माझे कान तापतात. "हाच का तुमचा ओढा? रोज आम्हाला फसवता? आज सत्याचा दिवस आहे, आप्पा, ऐका तो कर्णा! मळ्यावर जातो म्हणता आणि इथं बसता? माझ्या पोरीचं डोकं फुटलं असतं त्या उंदरापायी!" दारादारांतून माणसं बाहेर आली. कुणी हसलं नाही, मला कुणी थांबवलंही नाही. सगळे खाली बघत होते.

आप्पा उठायला लागले. उठता येईना. मी हात पुढं केला नाही. तिसऱ्या खेपेला भिंतीला धरून उभे राहिले.

"घरी चल," ते म्हणाले. "पोरगी उठली आसंल."

संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, शीतलना वाढताना मी सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"आप्पांच्यानं चालवत न्हाई. दिवाळीपास्नं चक्कीच्या पायरीम्होरं जात न्हाईत. समद्या गावाला म्हाईत हाय. डागदर म्हणतोय, गुडघे गेल्यात. काठी घ्या म्हटलं तर महिनाभर बोललं न्हाईत माझ्यासंगं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू बोलून टाकशील म्हणून." मग घास गिळून म्हणाले, "टाकलंसच की."

काय घर होतं ते! उंदराला मारायचं नाही, आप्पांना दुखवायचं नाही, सुनेला कळू द्यायचं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळायचं आणि पाळण्याची दोरी मात्र कुरतडली जाऊ द्यायची. मला रडू आलं, ते निव्वळ संतापाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी जाहीर केलं की पर्वाचे उरलेले पाच दिवस ते उपवास करणार. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही.

यातली गोम बाहेरच्या माणसाला कळणार नाही. इतर कुणाच्या घरी सासऱ्यानं जेवण सोडलं तर ते रुसलेत हे शेंबडं पोरही ओळखेल. आमच्याकडं पर्वात जेवण सोडलं की ते तप. गल्लीतली माणसं आप्पांच्या पाया पडायला येऊ लागली. "या वयात पाच उपवास! पुण्यवान हायसा, आप्पा." बायका मला म्हणायच्या, "सेवा घडतीया तुझ्या हातनं, सन्मती." चक्कीपाशी माझा तमाशा ज्यांनी पाहिला होता, त्याच या बायका. मला किंचाळावंसं वाटायचं की अहो, हे तप नाही, हे माझ्यामुळं आहे. पण खात्री तरी कुठं होती? विचारावं तर कसं? उपवास धर्माचा की माझ्यावरच्या रागाचा, असं कुठली सून विचारते?

मी रोज पाणी उकळून, गाळून, निववून त्यांच्यापुढं ठेवायची. ते घ्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना तांब्या पेलेना. मी खालून तांब्याला हात लावला, त्यांनी तो लावू दिला. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीशी उगीचच भांडी आपटली.

बिळांचे बोळे मात्र मी रोज पाहत होते. चार बिळांचे हलले नाहीत, ती बुजवली. पाचवं ज्वारीच्या कोठीमागचं, त्याचा बोळा रोज बाहेर पडलेला. नवव्या दिवशी तो पहिल्यांदा जागेवर दिसला. दहाव्या दिवशीही. आणि क्षमावणीच्या सकाळी, तिसऱ्या दिवशीही, जागेवरच. त्याच सकाळी पिंजऱ्यात लाल शेपटी होती.

मी जाळी लावली, सिमेंट थापलं आणि हात धुऊन सोप्यात आले. आप्पांचं पारणं व्हायचं होतं. शीतल, आक्काताई, आणखी दोघं-तिघं जमले होते. क्षमावणीला वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागायची असते, लहानानं मोठ्याची, मोठ्यानं लहानाची. मी रात्रीच मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण मी तोंड उघडायच्या आत आप्पा भिंत धरून उठले. आधी शीतलच्या मांडीवरच्या चंदनापुढं त्यांनी हात जोडले. ती त्यांचं उपरणं ओढायला लागली. मग माझ्यापुढं जोडले.

"पोरी, माझ्याकडनं लई चुकलं. क्षमा कर."

जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी चिडते, ही माझी जन्माची खोड.

"क्षमा राहू दे, आधी मुगाचं पाणी घ्या," मी म्हणाले. "आणि मग चला माझ्याबरोबर. पिंजऱ्यात उंदीर आहे. ओढा कुठं आहे ते मला दाखवा."

"एवढ्या लांब?"

"यांची लुना आहे ना. सांगलीत कॉलेजला मी लुनावरच जायची."

शीतल एकदम उभे राहिले. "आज नको. ऱ्हाऊ दे. मी सोडून येतो."

"तुम्ही चंदनाला बघा," मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. मला वाटलं, बायको वडलांना लुनावरून गावातून नेणार म्हणून लाज वाटतेय.

पारणं झालं. तासाभरानं आप्पा माझ्यामागं बसले. एका हातानं माझा खांदा धरलेला, मांडीवर पिंजरा. चक्कीची पायरी आली तेव्हा त्यांची पकड घट्ट झाली. ती मागं पडली तशी सैल झाली. ओढ्यावरच्या पुलावर ते म्हणाले, "पाणी बरंच हाय की." वर्षभरानं बघत होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी नीट केलं असं वाटलं.

"तो आंबा दिसतोय न्हवं, तितनं आपला मळा," ते म्हणाले.

मी लुना थांबवली. त्यांना उतरवून आंब्याच्या बुंध्याशी उभं केलं. त्यांनी पिंजरा खाली ठेवला, दार उघडलं. लाल शेपटीचा उंदीर क्षणभर दारात थांबला आणि मग पळाला. तो गेला तिकडं पाहायला आप्पांनी मान वर केली.

समोर ऊस नव्हता.

बांधापासून पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गुडघाभर सोयाबीन होतं, शेंगांनी लगडलेलं, पानं पिवळी पडू लागलेली. मला शेतातलं कळत नसलं तरी खांद्याला लागलेला ऊस आणि हे, यांतला फरक मलाही कळत होता. पाठमोरा वाकलेला सदाशिव आम्हाला पाहून ताठ झाला आणि तिथंच उभा राहिला. सकाळी शीतलचा चेहरा का पडला, ते मला तेव्हा समजलं. खोडवा शीतलनी केव्हाच काढून टाकला होता. आप्पांना सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते मळ्यावर जात नाहीत हे उघडं पडलं असतं. आणि आप्पा रोज संध्याकाळी नसलेल्या उसाची उंची सांगत होते, मुलगा मान डोलवत होता.

मला शीतलचा असा राग आला की ते तिथं असते तर मी काय केलं असतं सांगवत नाही. स्वतःचा त्याहून जास्त आला. चक्कीपाशी चारचौघांत मी आप्पांना जेवढं उघडं पाडलं नव्हतं, तेवढं आता त्यांना प्रेमानं लुनावर बसवून आणून पाडलं होतं.

आप्पा खाली वाकले. सोयाबीनची एक शेंग तोडली नाही, नुसती दोन बोटांत धरून दाबून पाहिली.

"दाणा भरलाय," ते म्हणाले.

"आप्पा, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."

"व्हय. तुला ठाऊक आसतं तर तू बोलली आसतीस." ते माझ्याकडं बघून हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा. "चल. पोरगी रडत आसंल."

घरी शीतल उंबऱ्यातच उभे होते, चंदनाला कडेवर घेऊन. तोंड पांढरं पडलेलं. आप्पांनी माझ्या दंडाचा आधार घेऊन पायरी चढली. रिकामा पिंजरा खुंटीला अडकवला. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "उंदीर वढ्यापलीकडं सोडला. मळ्यावरनंच आलो. खोडवा डोक्याच्या वर गेलाय."

शीतलनी माझ्याकडं पाहिलं. ते डोळे मी अजून विसरले नाही. मी तोंड उघडलं होतं. सगळं ओठांवर आलेलं होतं.

"काय गं सन्मती," आप्पा म्हणाले, "ऊस बरा हाय न्हवं?"

"बरा आहे, आप्पा," मी म्हणाले आणि चंदनाला घेऊन आत गेले. पाळण्याला नवी दोरी बांधलेली होती. मी तिला त्यात ठेवलं.